कर्ण्यातली हाक

कलामंडळाची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून होती. पूर्वी ती प्रयोगशाळा होती म्हणे. भिंतीतल्या फडताळांना अजून कसलासा उग्र वास यायचा, आणि ज्या दगडी ओट्यांवर पूर्वीची मुलं परीक्षानळ्या मांडत असतील, तिथं आमची ढोलकी, पेटी, पुठ्ठ्याचे मुकुट आणि खोट्या मिशांचा डबा पडलेला असायचा. दुपारचे तास संपले की खिडकीतून उन्हाचा एक लांब पट्टा आत यायचा आणि त्यात खडूची धूळ संथपणे वरखाली होत राहायची. पहिले दोन महिने मी दाराजवळच्या बाकावर बसून ती धूळ बघितली, दुसरं काही केलं नाही. कुणी मला ये म्हटलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नव्हतं, आणि तेवढं मला पुरेसं होतं. आत पोरं हसायची, भांडायची, एकमेकांच्या डब्यातलं खायची, एकच वाक्य दहा वेळा दहा तऱ्हांनी म्हणायची. जगात लोक असंही जगतात, काही कामधंदा नसताना इतके रमून, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मी राहायला पिंपळवंडीला, मावशीकडे. आमचं गाव बेल्ह्याच्याही पलीकडे, पठाराच्या कडेला. पण गावात आम्ही असायचो ते पावसाळ्याचे चार महिने. दिवाळी झाली की आबा, आई आणि माझे दोघे भाऊ मेंढरं घेऊन निघायचे ते बागायती पट्ट्यात उतरायचे. आमच्यात वाडा म्हणजे भिंतींचं घर नव्हे. दोन घोडी, त्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, दीडशेक मेंढरं आणि रात्री त्यांच्याभोवती लावायचं जाळं, एवढ्याला मिळून वाडा म्हणायचं. कांदा निघालेल्या वावरात मेंढरं आठ-दहा दिवस बसली की लेंड्यांनी जमीन अशी तयार होते की शेतकरी आमच्या लोकांची वाट बघत बसतात, बदल्यात धान्य देतात. मी पाचवीपासून शाळेसाठी मावशीकडे होते. मावशीच्या घरचे लोक कधीचेच शेतीला लागलेले. तिच्या घराला पत्रा होता, लाईट होती, आणि पहाटे वीज आली की विहिरीवरची मोटर घूं करून सुरू व्हायची. त्या आवाजानं मी उठायचे. मग स्टोव्हची फरफर, भाकरी थापल्याचा आवाज, काकांचं खाकरणं, आणि शेजारच्यांच्या रेडिओवर कांद्याचे बाजारभाव. मावशी हुलग्याची शेंगोळी फार सुरेख करायची; पिठाची वळकटी दोन्ही तळव्यांत फिरवून तिचं कडं करून उकळत्या रश्शात सोडायची, तेव्हा तिच्या बांगड्या एका लयीत वाजायच्या. आता महाळुंगे पडवळला माझ्या घरी माझी सूनही शेंगोळी करते, चांगली करते, पण तिच्या हातात बांगड्या नसतात, त्यामुळे मला आपलं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. तिला मी हे सांगितलेलं नाही. उगाच रुसून बसायची.

कलामंडळात माझी खरी ओळख झाली ती टिटवीमुळे. एके दुपारी मराठीचे सर, कलामंडळ तेच चालवायचे, पोरांवर वैतागले होते. त्यांनी स्वतः लिहिलेली एक एकांकिका स्नेहसंमेलनात बसवायची होती. एक म्हातारा-म्हातारी संध्याकाळी अंगणात बसून मेंढरं घेऊन गेलेल्या पोराची वाट बघतात, एवढंच त्यात होतं. सगळी गंमत आवाजांत होती. त्या आवाजांची कॅसेट सरांनी पुण्याहून आणवली होती, ती टेपरेकॉर्डरनं खाऊन टाकली. सर पेन्सिलीनं ती फीत गुंडाळत बसले होते आणि माझ्या तोंडून, का कुणास ठाऊक, टिटवी ओरडली. लहानपणापासून मी मेंढरांमागं हिंडताना हाच खेळ खेळायचे. सर चमकून खिडकीबाहेर बघायला लागले. सुषमा नावाची मुलगी होती, गोरीगोमटी, मोठ्या बागायतदाराची नात. ती माझ्याकडे बोट दाखवून खिदळली. सर म्हणाले, "अजून काय काय येतं गं तुला?" मग मी डोळे मिटले आणि होल्या पाखराचं घुमणं केलं, विहिरीच्या रहाटाची कुरकुर केली, बैलगाडीच्या वंगण संपलेल्या चाकाचं रडणं केलं. डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, काहीतरी चुकलं. मग टाळ्या पडल्या. माझ्यासाठी पडलेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप आली नाही.

त्या दिवसापासून मी बाकावरून उठून आत गेले. मग काय विचारता! तालीम, भित्तिपत्रक, कॅन्टीनमधली एका बशीतली तिघींची भेळ, शेवटची एसटी चुकू नये म्हणून स्टँडपर्यंत धावत जाणं. शिवनेरीच्या कड्यावर संध्याकाळचं ऊन अडकलेलं असायचं आणि आम्ही धावता धावता नाटकातली वाक्यं म्हणायचो. त्या सगळ्या महिन्यांवर माझ्या आठवणीत एक पिवळसर धुकं आहे. कुठली गोष्ट आधी घडली आणि कुठली नंतर, ते मला सांगता येणार नाही. सगळे दिवस एकाच लांबलचक दुपारी घडले असं वाटतं.

फक्त एक गोष्ट मी पक्की सांगू शकते, कारण ती मला टोचत राहिली. टाळ्या पडल्या त्याच दिवशी सगळे गोल बसून आपापलं घर सांगत होते. कुणाची नारायणगावला द्राक्षबाग, कुणाचे टेम्पो, सुषमाकडे ऊस आणि कांदा. माझ्यावर आलं तेव्हा मी म्हणाले, "बेल्ह्याकडे आमची बाग आहे. द्राक्षाची." एक पोरगा म्हणाला, "बेल्ह्याकडं द्राक्षं? आन् पाणी कुठनं आणता राव?" मी म्हणाले, "विहीर आहे." एका वाक्यात बाग लावली, दुसऱ्या वाक्यात विहीर खोदली. असं का बोलले? शाळेत एका मुलीनं माझ्या दप्तराला घोंगडीचा वास येतो म्हणून बाक बदलला होता, ते माझ्या मनातून गेलं नव्हतं. आणि टाळ्या नुकत्याच मिळाल्या होत्या, त्या हातच्या जाऊ द्यायच्या नव्हत्या. "हंगामात द्राक्षं आण बरं का," सगळे म्हणाले. आणते म्हणाले.

संमेलनाला आठवडा राहिला असेल. सकाळी एसटीतून उतरून मी, सुषमा आणि आणखी दोघी कॉलेजकडे निघालो होतो. कॉलेजच्या मैदानाला तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे सुषमाच्या आजोबांचं वावर. त्या वावरात मेंढरं बसली होती. मी लांबूनच घोडी ओळखली. नंतर चांदी दिसली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली मेंढी, तिची आई मेल्यावर मी तिला बोटानं दूध पाजून जगवलं होतं. आणि कुंपणाशी, दोन्ही हात काठीवर आडवे टाकून, आबा उभे होते.

"आमच्याकडे मेंढ्या बसल्यात," सुषमा म्हणाली. "आजोबा दोन वर्षं त्या बाबांच्या मागं लागले होते. संध्याकाळी बघायला येतेस का? कोकरं लई गोड आहेत."

आबांनी मला बघितलं. त्यांचा चेहरा उजळला, हाक मारायला तोंड उघडलं. मी खाली रस्त्याकडे बघितलं. दोन पावलांनी पुन्हा वर बघितलं, तर त्यांनी तोंड मिटलं होतं आणि आमच्याकडे पाठ करून ते एका मेंढीचा खूर तपासत होते. तिच्या खुराला काही झालेलं नव्हतं. मी मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेले. त्या सकाळची मला आजही लाज वाटते, आणि पन्नाशी उलटल्यावर ती कमी होईल असं जे वाटलं होतं, ते काही खरं नाही.

संध्याकाळी आबा दुधाची किटली घेऊन मावशीकडे आले. मी चुलीपाशी मान खाली घालून बसले. ते मावशीला म्हणाले, "हिच्या संगट व्हती ती पोर मालकाची नात ना? गुणाची हाय. काल आल्याबरुबर ताक दिऊन गेली."

"मंजी भेटली व्हय यमी तुमाला?" मावशीनं विचारलं. यमुना माझं नाव, घरात यमी.

"भेटली कशाची, घाईत व्हती. कालिजात टायमावर जावं लागतं."

ते ऐकून मला रडू फुटलं. बाग, विहीर, सगळं भडाभडा सांगून टाकलं. मावशीनं कपाळावर हात मारला. "आगं ये भवाने, बापाला बागाईतदार केलास व्हय!" आबांनी किटली बाजूला सरकवली. मग त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "द्राक्षं गोड हायती का आंबाट?"

मावशी हसली, मीही रडता रडता हसले. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "आसू दी. तुजं नाटक हाय त्या दिशी मी मेंढरं सकाळीच कॅनॉलकडं नेतो. मंग दोन दिसांनी वाडा बी हालंल. कुणाला काय कळायचं न्हाई." मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात थांबतो, पण तसंच वाटलं होतं, म्हणून लिहिते.

संमेलनाच्या दिवशी मैदानात मांडव पडला. खांबांना झेंडूच्या माळा, समोर पाहुण्यांच्या खुर्च्या, आणि पाण्याच्या टाकीवर दोन कर्णे बांधलेले, त्यातला एक शेतांकडे तोंड करून. सकाळी येताना मी वावरात बघितलं होतं. जाळं रिकामं होतं, नुसती घोडी उभी होती. आबांनी शब्द पाळला होता. दुपारचं ऊन कनातीतून गाळून आत येत होतं आणि पडद्यामागे सगळं सोनेरी झालं होतं. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या पोराच्या मिशा घामानं सुटत होत्या. सुषमा निवेदन करत होती. कॉलेजच्या हजेरीपटावरून उतरवलेली सगळ्यांची पूर्ण नावं तिनं कर्ण्यात ठणठणीत वाचली, शेवटी माझं वाचलं, आणि पडदा वर गेला.

मी विंगेत माईकसमोर उभी होते. होला घुमला, रहाट कुरकुरला, टिटवी ओरडत गेली. मग म्हातारीचं काम करणारी मुलगी कपाळावर हात धरून म्हणाली, "आवं, अजून मेंढरं कशी आली न्हाईत?" इथं पोराची हाक लांबून ऐकू यायची होती. आमच्यात मेंढरं बोलवायची हाक प्रत्येक घराची निराळी असते, आणि मेंढरं फक्त आपल्या घरची हाक ओळखतात. सरांना हवी होती कुठलीही हाक, चार स्वर इकडचे तिकडचे जोडले असते तरी चाललं असतं. पण खोटी हाक कशी द्यायची हे मला माहीतच नव्हतं. मी डोळे मिटले आणि आमच्या घरची हाक दिली, "कुर्रऽऽ योऽ यो यो योऽऽ!" कर्ण्यातून ती माझ्या अंदाजाच्या दसपट मोठी होऊन शेतांवरून गेली.

आधी घुंगरं ऐकू आली. सर माझ्याकडे बघून खूश झाले. त्यांना वाटलं, घुंगरंही मीच वाजवतेय. मग मांडवाच्या मागच्या बाजूला आरडाओरडा झाला. पोरांनी स्टँडला जायला कुंपणात जी वाट पाडली होती, तिच्यातून चांदी आत आली, आणि तिच्यामागून दीडशे मेंढरं. खुर्च्या सरकल्या, पोरी बाकांवर चढल्या. एका मेंढीनं प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवरचा गुच्छ खाल्ला, दुसऱ्या दोघींनी खांबावरची झेंडूची माळ ओढली. सगळा मांडव हसून लोळत होता. मेंढरं मात्र कुणाकडेही न बघता रंगमंचाकडे चालली होती, आणि रंगमंचाखाली येऊन, माना वर करून, मी ज्या विंगेत होते तिकडे तोंड करून उभी राहिली.

त्यांच्यामागून आबा आले, धापा टाकत. पागोटं हातात. हाक मारून बघितली, काठी आपटली. एकही मेंढरू मागं वळेना. सर पुढं होऊन म्हणाले, "बाबा, इकडं कशी काय आली ही?"

आबा हात जोडून म्हणाले, "माफी आसावी सायेब. ह्या माळंच्या वासानं आली आसत्याल. मुकं जनावर." माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मी गप्प राहिले असते तर पाच मिनिटांत पोरांनी काठ्या घेऊन मेंढरं हाकलली असती. बाग शाबूत राहिली असती. पण पोरांनी काठ्या उचलल्या आणि एकानं चांदीच्या पाठीत हाणली. ती ओरडली, आणि माझे पाय आपोआप चालायला लागले. मी विंगेतून बाहेर आले, पायऱ्या उतरले आणि तोंडानंच, हळू आवाजात, हाक दिली. सगळी मेंढरं एकदम माझ्याकडे वळली. मांडवातलं हसू थांबलं. मी आबांच्या जवळून पुढं निघाले, तेव्हा ते वाकून मला म्हणाले, "लई उपकार झालं ताई तुमचं."

तुमचं! जन्मात ज्यांनी मला यमे सोडून हाक मारली नव्हती, ते माझे आबा सगळ्यांसमोर मला परकी बाई करून सोडवत होते. मी मोठ्यानं, शेवटच्या रांगेलाही ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आबा, तुमी चांदीला धरा. मी बाकीची घिऊन येते."

आबा जागीच थांबले. मग त्यांनी खाली वाकून चांदीला उचलून घेतलं, उगाचच, कोकरू असल्यासारखं. आम्ही दोघं खुर्च्यांच्या मधून चाललो, मागून दीडशे मेंढरं. लोक पाय आखडून वाट देत होते. सुषमा माईकजवळून, तो चालू आहे हे विसरून, म्हणाली, "अय्या, हे यमुनाचे वडील?" तेवढंच कर्ण्यातून साऱ्या शिवाराला ऐकू गेलं.

वावरात पोचल्यावर मला वाटलं आता आबा काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "जा आता. मानसं खोळांबल्यात."

नाटक त्याच वाक्यापासून पुन्हा सुरू झालं. म्हातारी म्हणाली, "आवं, अजून मेंढरं कशी आली न्हाईत?" मी माईकसमोर उभी, तोंड उघडलेलं, आणि एकदम ध्यानात आलं की हाक दिली की मेंढरं परत येणार. सर विंगेतून हातवारे करत होते. म्हातारीनं वाक्य पुन्हा म्हटलं. आणि मग लांबून, कुंपणापलीकडच्या वावरातून, कर्ण्याशिवाय, वाऱ्यावर हलत हलत हाक आली. आमच्या घरची, आबांच्या गळ्यातली. मागोमाग घुंगरं. मांडवात कुणी हललं नाही. म्हातारा-म्हातारी खरंच उठून त्या दिशेला बघत राहिली. मी माईक बंद केला.

दुसऱ्या दिवशी अख्खं कलामंडळ वावरात मेंढीच्या दुधाचा चहा प्यायला गेलं. आबांनी त्यांना अगदी गंभीर तोंडानं सांगितलं की द्राक्षाला अजून महिनाभर लागंल. पोरं मला कॉलेज संपेपर्यंत बागाईतदारीणबाई म्हणायची. मला ते आवडायचं.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी मावशीनं शेंगोळी केली होती. आबा पाटावर बसून भाकरी कुस्करत होते. मी विचारलं, "आबा, तुम्ही तर कॅनॉलकडं नेणार होता ना?"

"न्येली व्हती की. दुपारच्याला तिथनं माघारी फिरलो." त्यांनी रश्श्याचा भुरका मारला. "कर्ण्यात ती पोर नावं वाचीत व्हती. यमुना धोंडिबा म्हनली. तुज्या मागं माजं नाव." मग माझ्याकडे बघून, जरा लाजून, ते म्हणाले, "आता येवड्या मानसांत नाव घिऊन बोलावल्यावं न्हाई कसं यायचं?"